कॅनडाच्या सिनेटची सुधारणा न्यायालयाने का अडवली?

प्रश्न : कॅनडाच्या सिनेटमधील (संसदेच्या वरिष्ठ सभागृहातील) १०५ सदस्य आजही पंतप्रधानांच्या शिफारशीवरून नेमले जातात आणि वयाच्या ७५ व्या वर्षापर्यंत पदावर राहू शकतात. पंतप्रधान स्टीफन हार्पर यांच्या सरकारला हे बदलायचे होते, परंतु २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालय आडवे आले. निवडून आलेल्या सरकारला असे रोखणे मला खटकते. जाणकारांनी कृपया उलगडा करावा.

उत्तर १ : न्यायालयाने सुधारणेला विरोध केलेला नाही; संघीय संसदेला ती एकटीने करता येणार नाही, एवढेच सांगितले. सल्लादायी निवडणुका (ज्यांचा कौल पंतप्रधानांनी नेमणुकीत विचारात घ्यायचा) किंवा ठरावीक मुदत आणायची, तर संसदेबरोबरच देशाची निम्मी तरी लोकसंख्या असलेल्या किमान ७ प्रांतांची संमती लागते, आणि सभागृहच रद्द करायचे, तर दहाही प्रांतांची. माझ्या मते निकाल योग्यच आहे.

उत्तर २ : निकाल मलाही मान्य आहे, पण अशी संमती मिळवणे किती कठीण आहे, हे ‘मीच लेक’ नावाच्या घटनादुरुस्तीच्या कराराने दाखवून दिले. मूलनिवासींना विश्वासात न घेता झालेल्या त्या कराराला, १९९० च्या जूनमध्ये, मॅनिटोबा प्रांताच्या विधानसभेत मूलनिवासी आमदार एलायजा हार्पर हाती गरुडाचे पीस धरून पुन्हा पुन्हा नकार देत राहिले, आणि करार बारगळला. घटनादुरुस्तीचाच १९९२ चा शार्लटटाउन करार तर सार्वमतातच पडला.

प्रश्नकर्ता : मनःपूर्वक आभार. मग आल्बर्टाला ६ आणि लहानशा न्यू ब्रन्सविकला १० जागा, हा अन्यायही तसाच राहणार का?

उत्तर १ : जागावाटपालाही तीच ७ प्रांतांची अट आहे.