२७ टक्के म्हणजे नेमकं काय

अल्झायमरवरच्या लेकानेमॅबबद्दल "नव्या औषधाने २७ टक्के सुधारणा होते" असं म्हटलं जातं, ते तसं नाही. लेकानेमॅबने गेलेली स्मृती परत येत नाही, घसरण मंदावते. १८ महिन्यांच्या चाचणीत औषध घेणारेही खालावलेच, फक्त थोडे कमी. स्मृती आणि रोजची कामं तपासणाऱ्या १८ गुणांच्या मापनात फरक पडला ०.४५ गुणांचा; औषध न घेणाऱ्यांच्या घसरणीच्या तुलनेत तोच हा २७ टक्के. घरच्यांना तो रोजच्या वागण्यात जाणवेलच असं नाही, हे त्यांना आधीच सांगायला हवं.

शिवाय सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी शिरेतून औषध, आणि मेंदूत सूज किंवा सूक्ष्म रक्तस्राव होतोय का हे पाहायला पुन्हापुन्हा एमआरआय. एपीओई-४ या अल्झायमरची शक्यता वाढवणाऱ्या जनुकाच्या दोन प्रती असणाऱ्यांना हा धोका बराच जास्त, म्हणून जनुकीय तपासणी आधी कराच. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तेही पहिल्याच भेटीत डॉक्टरांच्या कानावर घाला.