‘दरडोई उत्पन्न’ म्हणावे की ‘दरडोई उत्पादन’?

प्रश्न
भारत आणि चीन यांच्या तुलनेवरचा एक लेख मी मराठीत आणत आहे. त्यातल्या एका वाक्याचे भाषांतर मी ‘१९९० साली भारताचे दरडोई उत्पन्न चीनपेक्षा किंचित जास्त होते, २०२२ साली मात्र चीनचे दरडोई उत्पन्न भारताच्या सुमारे पाचपट झाले’ असे केले. मुद्रितशोधकांनी ‘उत्पन्न’ खोडून ‘उत्पादन’ केले, कारण मूळ तक्त्यातले आकडे जीडीपीचे, म्हणजे सकल देशांतर्गत उत्पादनाचे आहेत. शाळेपासून मी ‘दरडोई उत्पन्न’ हेच ऐकत आले आहे, आणि ‘दरडोई उत्पादन’ वाचले की प्रत्येक माणसाने काहीतरी पिकवले किंवा घडवले असावे असे वाटते. योग्य काय?

प्रतिसाद १
मुद्रितशोधकांचे बरोबर आहे. देशाच्या हद्दीत जे निर्माण होते ते उत्पादन, आणि देशवासीयांच्या वाट्याला जे येते ते उत्पन्न. आयर्लंडमध्ये २०१५ साली जीडीपी एका वर्षात सुमारे २६ टक्क्यांनी वाढल्याचे जाहीर झाले होते; त्याचे मुख्य कारण बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपली मालमत्ता तिथल्या खात्यावर आणली हे होते, आणि आयरिश माणसाची मिळकत काही तशी वाढलेली नव्हती. अखेर तिथल्या सांख्यिकी कार्यालयाला ‘सुधारित राष्ट्रीय उत्पन्न’ वेगळे मोजावे लागले. ज्या दोन शब्दांमध्ये एवढे अंतर पडू शकते, ते एकमेकांच्या जागी कसे चालतील?

प्रतिसाद २
हा भेद अर्थशास्त्राचा आहे, मराठीचा नाही. माझे आजोबा ‘यंदा एकरी उत्पन्न किती?’ असे विचारत, तेव्हा उत्तर क्विंटलमध्ये येई आणि कधी रुपयांतही. दोन्ही शब्द ‘उत् + पद्’ यावरूनच आले आहेत. उत्पन्न म्हणजे मुळात जे उपजले ते. दादाभाई नौरोजींनी १८६७-६८ सालासाठी माणशी २० रुपये हा आकडा काढला, तोही मुख्यतः शेतमालाची किंमत मांडून. मोजले उत्पादनच, आणि ओळखतो आपण त्याला उत्पन्न म्हणून.

प्रतिसाद ३
मला ‘दरडोई’च खटकतो. डोई हा बोलीतला शब्द आहे आणि ‘दर’ फारसी वळणाचा. गंभीर लेखनात ‘प्रतिव्यक्ती’ असावे.

प्रतिसाद २
मग दररोज, दरमहा आणि दरसाल यांचे काय करायचे? इंग्रजीने यासाठी ‘पर कॅपिटा’ हा जो लॅटिन शब्दप्रयोग घेतला, त्याचा अर्थही ‘डोक्यांनुसार’ असाच आहे. बेरीज करून डोक्यांनी भागायचे, एवढेच या गणितात होते, आणि ते ‘डोई’ स्पष्ट सांगते. ‘प्रतिव्यक्ती’ म्हटले की ती रक्कम खरोखर प्रत्येकाच्या हाती पडते, असे उलट मला वाटते.

प्रतिसाद ४
तुमच्या वाक्यातला ‘पाचपट’ हा शब्द मला अधिक अडचणीचा वाटतो. तो चालू विनिमय दराच्या डॉलरांतला आहे; दोन्हीकडची स्वस्ताई-महागाई जमेस धरून क्रयशक्तीनुसार मोजले, तर त्याच वर्षीचे अंतर सुमारे अडीचपट भरते. जून १९६६ मध्ये डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला, तेव्हा ज्याची मिळकत ४७६ रुपये होती तो १०० डॉलरांवरून एका दिवसात सुमारे ६३ डॉलरांवर आला, आणि त्याच्या घरातला एक दाणाही कमी झाला नव्हता. वर्षावर्षांची तुलना करताना ‘कोणत्या किमतींनी’ हे वाक्यातच यायला हवे.

प्रतिसाद १
त्यासाठी ‘स्थिर किमतींनुसार’, म्हणजे सगळीकडे एकाच ठरावीक वर्षाच्या किमती धरून, ही रूढ संज्ञा आहे.

प्रतिसाद ४
आहे, पण माझ्या वडिलांनी ती वर्तमानपत्रात वाचून ‘किमती स्थिर कुठे आहेत?’ असे कळकळीने विचारले होते, आणि त्यांचे चुकले असे मला म्हणवले नाही. ‘२०११-१२च्या किमतींनी’ असे वर्ष घालून लिहिले असते, तर त्यांना लगेच समजले असते.

प्रश्नकर्ती
वर्ष घालण्याची सूचना मी घेते. परंतु उद्या मजकूर परत द्यायचा आहे, आणि ‘उत्पन्न’ ठेवायचे की ‘उत्पादन’, हे मला अजून कळलेले नाही.

प्रतिसाद ३
काहीही ठेवा, पण ‘प्रतिव्यक्ती’ लिहा, ही माझी विनंती कायम आहे.