शब्द सुचवा : 'फर्स्ट पर्सन शूटर' आणि त्याचा 'प्रीक्वेल'

'परफेक्ट डार्क झीरो' या जुन्या व्हिडिओ गेमवर मराठीत लिहायला बसलोय आणि पहिल्याच वाक्यात गाडं रुतलंय. वाक्य असं : "२००५ साली एक्सबॉक्स ३६० या नव्या कन्सोलचा लाँच टायटल म्हणून आलेला हा फर्स्ट पर्सन शूटर म्हणजे 'परफेक्ट डार्क'चा प्रीक्वेल." यातलं मराठी मोजा. 'हा', 'म्हणजे', 'आलेला', झालं.

'कन्सोल' (टीव्हीला जोडून खेळायचं यंत्र) राहू द्या, त्याला 'खेळयंत्र' म्हणणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. बाकीचे तीन शब्द हवेत : फर्स्ट पर्सन शूटर (पात्राच्या डोळ्यांनी बघत गोळ्या झाडायचा खेळ), प्रीक्वेल (नंतर काढलेला, पण आधीच्या काळाची गोष्ट सांगणारा), लाँच टायटल (नव्या कन्सोलबरोबरच बाजारात येणारा खेळ). बोलताना जिभेवर बसतील असे. शासकीय परिभाषा कोशाच्या थाटाचे नकोत.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी : इंग्लंडच्या 'रेअर' कंपनीने २००० साली निन्टेंडो ६४ या कन्सोलवर 'परफेक्ट डार्क' काढला. जोआना डार्क ही गुप्तहेर, काळ २०२३. २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टने रेअर विकत घेतली, आणि निन्टेंडोच्याच गेमक्यूब कन्सोलसाठी सुरू झालेला पुढचा खेळ, म्हणजे 'झीरो', आधी मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सवर आणि शेवटी एक्सबॉक्स ३६० वर जाऊन पोचला. त्याची गोष्ट मात्र मागे जाते, २०२० मध्ये.

प्रतिसाद

'प्रथमपुरुषी नेमबाजी'. घ्या, झालं काम.

प्रतिसाद

'नेमबाजी'ला माझा विरोध. नेमबाज म्हटलं की मराठी वाचकाला कोल्हापूरकडचा स्वप्नील कुसळे आठवतो, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलचं कांस्य घेणारा. श्वास रोखून एकेक गोळी. या खेळांत असलं काही नसतं, धावता धावता अख्खं मॅगझीन रिकामं करायचं असतं. 'शूटर' तसाच ठेवावा तर पेपरवाल्यांनी तो सुपारी घेणाऱ्यासाठी राखून ठेवलाय. आणखी एक अडचण : इंग्रजीत 'शूटर' हे खेळाच्या जातीचं नाव आहे, माणसाचं नाही. आपल्याकडे 'नेमबाज' हा माणूसच राहतो.

माझी सूचना 'गोळीबारपट'. युद्धपट, रहस्यपट चालतात तसा. शिवाय सोंगट्यांचा नि बुद्धिबळाचाही 'पट'च असतो, म्हणजे चित्र आणि खेळ दोन्ही त्या एका शब्दात आयते बसलेत.

प्रतिसाद

'गोळीबारपट' झकास. पण 'प्रथमपुरुषी' कसं चालेल? नायिका जोआना आहे ना! (ह.घ्या.)

प्रतिसाद

हलकेच घेतलं, तरी एक गंमत सांगतो. व्याकरणातल्या 'पुरुषा'ला लिंग नसतं, 'मी गेले' हाही प्रथमपुरुषच. खरा घोळ वेगळाच आहे. पाणिनीच्या परंपरेत प्रथमपुरुष म्हणजे 'तो'. 'तू' हा मध्यमपुरुष आणि 'मी' हा उत्तमपुरुष. मराठी व्याकरण लिहिताना इंग्रजीच्या क्रमाने 'मी'ला पहिला नंबर मिळाला आणि अर्थ उलटला. तेव्हा एखाद्या काशीच्या शास्त्रीबुवांना 'प्रथमपुरुषी गोळीबारपट' म्हणालात, तर त्यांच्या डोळ्यांपुढे खेळाडूची पाठ दिसणारा खेळ येईल, म्हणजे नेमका थर्ड पर्सन!

धागाकर्ता

अहो, हे तर या खेळालाच लागू पडतंय. 'झीरो'त एरवी आपण जोआनाच्या डोळ्यांनी बघतो. पण तिने गोळी चुकवायला कोलांटी घेतली, किंवा भिंतीच्या आडोशाला पाठ टेकली, की कॅमेरा बाहेर पडतो आणि ती आपल्याला अख्खी दिसते. 'मी'ची क्षणभर 'ती' होते. तेव्हा अनेकांना हे खटकलं होतं, मलाही खटकतं. गोळ्या चुकवणारा मी, आणि ऐन मोक्याला मलाच माझ्याबाहेर काढून कोपऱ्यात उभं करायचं! आता परीक्षणात लिहिता येईल की खेळाचा पुरुष मध्येच बदलतो.

प्रतिसाद

'प्रीक्वेल'साठी 'पूर्वार्ध' घ्या. सगळ्यांना कळतो.

प्रतिसाद

कळतो, पण चुकीचा कळतो. पूर्वार्ध आधी लिहिला जातो आणि आधीच वाचला जातो. प्रीक्वेलची सगळी मेख अशी की तो जन्मतो मागाहून आणि वय सांगतो थोरलं. कळस चढल्यावर पाया भरायला घेणं म्हणा ना. 'पूर्वरंग'ही नको : कीर्तनात पूर्वरंग म्हणजे अभंगाचं निरूपण, गोष्ट उत्तररंगात येते. 'पूर्वपीठिका' ही चार ओळींत सांगून मोकळं व्हायची गोष्ट, तिच्यावर कुणी अख्खा खेळ रचत नाही. उरते 'पूर्वकथा'.

अवांतर : इंग्रजी शब्दही काही सोवळा नाही. 'सीक्वेल' लॅटिन 'सेक्वी'वरून आला, म्हणजे मागोमाग जाणे. त्याचं डोकं तोडून तिथे 'प्री' चिकटवलं, की झाला 'आधी मागोमाग जाणारा'. ही लॅटिन धातू संस्कृतच्या 'सच्'ची सख्खी बहीण, आणि 'सच्'वरून आपला 'सचिव'. म्हणजे सीक्वेल हा मंत्रालयातल्या सचिवांचा लांबचा नातेवाईक निघाला.

प्रतिसाद

'पूर्वकथा'ला +१. पण तो शब्द वापरलात की खेळाला कथेच्या काट्यावर तोलावं लागेल, आणि तिथे 'झीरो' पडतो. २००० च्या खेळात जोआना नवखी आहे, डेटाडाइन या खलनायकी कंपनीच्या इमारतीतली ती तिची पहिली मोहीम. पूर्वकथेत बघावं तर हीच मुलगी तीन वर्षं आधी बापाबरोबर, जॅक डार्कबरोबर, हाँगकाँगपासून जगभर गोळ्या झाडत फिरतेय. मग नंतरची ती 'पहिली' मोहीम कसली? वर बोलणंही बदललं : आधी ब्रिटिश वळणाचं इंग्रजी, इथे अमेरिकन. तरुणपणी अमेरिकन आणि तीन वर्षांत ब्रिटिश, हे काही पटत नाही.

(त्यांच्या साथीला असलेल्या हॅकर बाईंचं नाव चंद्र शेखर आहे. आपल्याकडे हे नाव बुवाचं असतं, हे रेअरमध्ये बहुधा कुणी सांगितलं नसावं.)

प्रतिसाद

म्हणूनच मला 'लाँच टायटल'चा शब्द जास्त महत्त्वाचा वाटतो. मी म्हणेन 'सलामीचा खेळ'. क्रिकेटमध्ये सलामीच्या गड्याकडून आपण शतकाची सक्ती करत नाही. नवा चेंडू, ताजी खेळपट्टी, त्याने टिकावं आणि मागच्यांना खेळपट्टीचा अंदाज द्यावा. 'झीरो' अमेरिकेत २२ नोव्हेंबर २००५ ला, कन्सोलबरोबरच, मैदानात उतरला. ऑनलाइन एका डावात ३२ जण ही तेव्हा घरच्या टीव्हीवर चैन होती. त्या कामात तो बाद झाला नाही.

प्रतिसाद

टिकला खरा, पण नव्याचे नऊ दिवसही त्याच्या पथ्यावर पडले. निन्टेंडोवरच्या जुन्या खेळाला मेटाक्रिटिकवर (परीक्षणांच्या गुणांची सरासरी काढणारं संकेतस्थळ) १०० पैकी ९७, याला ८१. मला तर ८१ सुद्धा नव्या यंत्राच्या चकाकीने दिलेले वाटतात. भिंती, जमीन, कपडे, सगळं तेल चोपडल्यासारखं चमकतं. कोरं यंत्र दाखवायचंय म्हटल्यावर होतं तसं, नवी कढई घेतली की आठवडाभर सगळं तळलेलंच. मराठीत याला शब्द आहे : 'नवलाई'. परीक्षणात तो आलाच पाहिजे.

प्रतिसाद

सलामीचा गडी एकदा उतरला की धावफलकावर धावाच लिहिल्या जातात हो, खेळपट्टीची सबब लिहीत नाहीत. कथा बाजूला ठेवा, नवलाईही ठेवा. हत्यारं बघा : जवळपास प्रत्येक बंदुकीला दुसरा उपयोग आहे, आणि तो शोधण्यात खरी मजा आहे. ती मजा मात्र जुन्या खेळातून आलेली. नवं म्हणून आणलेली कोलांटी आणि आडोसा, त्यांचं काय झालं ते वर आलंच आहे.

प्रतिसाद

शब्दांवरून आठवलं. नव्वदीत आमच्या चाळीत कन्सोलला 'व्हिडिओ गेम' आणि आत घालायच्या डबीला 'कॅसेट' म्हणत. गाणी नाहीत, फीत नाही, तरी कॅसेटच. चालली नाही की फुंकर मारायची. कोश उघडायला कुणी गेलं नव्हतं, अडलंही नव्हतं.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. सुधारलेलं वाक्य : "नव्या एक्सबॉक्स ३६० ची सलामी २००५ साली ज्या खेळांनी केली, त्यांतला हा प्रथमपुरुषी गोळीबारपट म्हणजे 'परफेक्ट डार्क'ची मागाहून रचलेली पूर्वकथा." 'मागाहून रचलेली' मुद्दाम घातलंय, सगळी तक्रार त्या दोन शब्दांत आहे. 'उत्तमपुरुषी' लिहायचा मोह झाला होता, पण खेळ तितका उत्तम नाही.

आता पुढच्या परिच्छेदात अडकलोय. मोहिमा लांबलचक, मधले चेकपॉइंट अगदी थोडे, मेलात की पुन्हा कुठून तरी मागून चाला. या 'चेकपॉइंट'ला काय म्हणू? 'तपासनाका' नको, टोल भरल्यासारखं वाटतं.

प्रतिसाद

'विसावा'. वारीच्या वाटेवर असतो तसा.

प्रतिसाद

विसाव्याला चहा मिळतो हो. इथे गोळ्याच मिळतात. 'टप्पा' म्हणा.