मदत हवी आहे : इक्विटीतून (शेअर बाजारातून) पैसा कधीपासून काढायला लागायचं?

मी नागपूरचा, वय ४१. मुलीच्या शिक्षणाला १२ वर्षांनी पैसा लागेल. निफ्टी इंडेक्स फंडात एसआयपी चालू आहे. सहा महिन्यांचा खर्च एफडीत, विमा आहे, कर्ज नाही.

२००८ मध्ये सेन्सेक्स २१ हजारांवरून ८ हजारांखाली गेला, २०१० अखेर परत तिथे पोचला. तेवढं सोसेन. पण जपानच्या निक्केई निर्देशांकाला १९८९ चा उच्चांक ओलांडायला २०२४ उजाडलं! शिवाय १९९८ च्या रशियासारखा एखादा देश कर्ज बुडवतो, तेव्हा परकीय पैसा दूरच्या बाजारांतूनही निघतो. नेमकं फी भरायच्या वर्षी असं झालं तर?

धरमपेठेतल्या एका सल्लागाराला विचारलं, त्यांनी युलिपच (विमा आणि गुंतवणूक एकत्र असलेली योजना) पुढे केलं. ते नको आहे. सोनं घरात पुरेसं आहे.

गरजेच्या किती वर्षं आधी डेट फंडाकडे (कर्जरोख्यांत पैसे गुंतवणाऱ्या फंडाकडे) वळायला लागावं, आणि दरवर्षी किती टक्के?