नाताळात पुण्यात मुलांची प्रार्थना: हाताने करण्यासारखं काय?

मंडळी, सप्रेम सलाम.
नाताळच्या सुट्टीत आपली बारा मुलं (वय 13 ते 17) पुण्यात असतील. एक दुपार प्रार्थनेसाठी काढली आहे, विषय ‘देवाच्या नजरेत माझं मोल’. भाषण दिलं की मुलं फोन काढतात. हात गुंततील असं काही पुणेकरांनी सुचवावं.

---

ताई, सलाम.
माती घ्या. केशवनगरच्या कुंभारवाड्यातून मळलेली माती आणा. प्रत्येकी पाव किलो म्हणजे तीन किलो, वर एखादा किलो हाताशी असू द्या. ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. गोळ्यात अंगठा खुपसून, गोळा फिरवत, चिमटीने कड वर काढायची की वाटी तयार. कड करंगळीएवढी जाड हवी. पाण्याचं भांडं मध्ये ठेवू नका. गुळगुळीत करायच्या नादात मुलं पाणी चोपडतात आणि वाटी बसते. ओलं बोट पुरतं.

दहा मिनिटांनी बायबलमधलं यिर्मया 18:1-6 वाचा. भांडं बिघडतं, पण कुंभार माती टाकून देत नाही, त्याच मातीचं दुसरं घडवतो. (हे वचन मुळात इस्राएल घराण्याला आहे, मुलांना तेही सांगा.) मग ज्याला वाटेल त्याने वाटी मोडून पुन्हा करावी आणि करता करता मनात प्रार्थना करावी. ‘मोडा’ असा हुकूम नको. घरी सतत बोलणी खाणाऱ्या मुलाला त्यात तीच बोलणी ऐकू येतात. वाट्या सावलीत वाळवा, उन्हात काठ आधी आकसतो आणि चीर जाते.

---

सलाम. माझी भर.
प्रत्येकाला कागदाच्या पाच चिमण्या आणि रुपयाची दोन नाणी द्या. मत्तय 10:29 मध्ये एका नाण्याला दोन चिमण्या, म्हणजे दोन नाण्यांना चार. लूक 12:6 मध्ये दोन नाण्यांना पाच. पाचवी फुकट, भाजीवाली वर कोथिंबिरीची काडी टाकते तशी. आणि त्या पाचवीचाही देवाला विसर पडत नाही! हा हिशेब मुलांनाच घालू द्या, आधी सांगून टाकलात तर सगळं गेलं. मग त्या पाचव्या चिमणीच्या पोटावर पेन्सिलीने लिहायचं: आपल्यातलं काय कुणी हिशेबात धरत नाही? दहावीचे मार्क, रंग, मराठी बोलताना अडखळणं, काहीही. घडी घालून मुठीत धरायची, तीन मिनिटं शांतता. वाचून दाखवायचं नाही, गोळाही करायचं नाही.

आरशात बघून लिहायला लावतात, ते टाळाच. या वयात चारचौघांत आरसा समोर आला की लक्ष मुरुमांवर जातं.

चिमण्या आधी, माती नंतर, नाहीतर कागद चिखलाने भरतात.

आणि ‘कुणाला सांगणार नाही’ असा शब्द कुठल्याच मुलाला देऊ नका. कुणी जिवाचं बरंवाईट करण्याचं बोललं, तर त्याला एकटं सोडू नका, आणि त्याच दिवशी आईवडिलांशी आणि डॉक्टरांशी बोला.