बर्ड्स नेस्ट फर्न फोडून दोन करता येतो का?

कुंडीवाली: माझ्याकडे बर्ड्स नेस्ट आणि बोस्टन असे दोन फर्न आहेत. बोस्टनची कुंडी तर गच्च भरलीये, तेव्हा दोन्ही काढून भाग करून लावावेत म्हणतेय, मैत्रिणीला पण द्यायचेत. आणि नेस्टच्या पानांना खालून तपकिरी रेघा आल्यात, मधल्या शिरेपासून तिरक्या कडेकडे जाणाऱ्या. कीड आहे का? औषध मारू?

जुना_माळी: थांबा, औषध नको! ते बीजाणू आहेत, म्हणजे ज्यापासून नवीन फर्न उगवतो ती बारीक पूड. कीड अशी शिस्तीत रांगा लावून बसत नाही. खवले कीड असती तर जिथेतिथे टिकल्या दिसल्या असत्या आणि पान बऱ्याचदा चिकट लागतं. बोस्टन खुशाल फोडा, प्रत्येक भागाला मुळं आणि थोडी पानं आली की झालं. पण नेस्टला सुरी लावू नका, त्याची सगळी पानं एकाच गाभ्यातून निघतात, तो कापला की झाड गेलंच समजा.

कुंडीवाली: बापरे, बरं झालं विचारलं 😅 मग नेस्टचं नवीन रोप करायचं कसं?

ओलसर_कोपरा: बीजाणूंपासून, पण पेशन्स लागतो हं. रेघा गडद झाल्या की पानाचा तुकडा कागदात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा, पूड पडते. पारदर्शक डब्यात कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घ्या, त्यावर उकळतं पाणी ओतून गार होऊ द्या (नाहीतर बुरशी आधी येते), मग पूड अगदी विरळ भुरभुरा, वर माती टाकू नका कारण उजेड लागतो, झाकण लावा आणि ऊन न येणाऱ्या उजेडात ठेवून द्या. काही आठवड्यांनी हिरवा थर येतो, मग पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचे बारीक हिरवे पापुद्रे. बरेच जण इथेच शेवाळ म्हणून फेकून देतात! पापुद्र्यांवर पाणी फवारत राहा, नर पेशी पाण्यातून पोहत जाऊन स्त्री पेशीला मिळतात, कोरडं पडलं तर पुढे काहीच होत नाही. खरी पानं दिसायला कित्येक महिने जातात.

जुना_माळी: बोस्टनचं अजून एक, त्याला पानं नसलेले लांब दोरे सुटतात ते कापू नका. शेजारच्या कुंडीतल्या ओल्या मातीवर पिनेने दाबून ठेवा, तिथे मुळं धरून पिल्लू आलं की मगच दोरा तोडायचा. मैत्रिणीला तेच द्या, मोठी कुंडी उपसायलाच नको.

कुंडीवाली: असे दोरे भरपूर आहेत, मी वाळलेत समजून छाटणारच होते! आजच दाबते.