मदत हवी आहे: निगेटिव्हचे ३८ रोल, क्रमांक कसे द्यावेत आणि नागपूरच्या हवेत कुठे ठेवावेत?

३५ मिमीचे ३८ रोल आहेत. निम्मे कृष्णधवल (इंदू, ऑर्वो या ब्रँडच्या फिल्म), निम्मे रंगीत. सहा-सहा फ्रेमच्या पट्ट्या बटरपेपरच्या जुन्या पाकिटांत आहेत. फ्लॅटबेड स्कॅनरवर ३२०० डीपीआयने स्कॅनिंग सुरू केलंय. फाइलला प्रसंगाचं नाव द्यावं की वर्षाचं? कृष्णधवलवर डस्ट रिमूव्हल लावलं की चेहऱ्यांवर चट्टे उमटतात, ते का? चार रोलांना आंबूस वास येतोय. कपाट कूलरच्या खोलीत आहे.

प्रतिसाद

ते चार रोल आजच बाजूला काढा. वास व्हिनेगरचा आहे: ॲसिटेटचा बेस (फिल्मचं पारदर्शक प्लास्टिक) विघटित होतोय, आणि सुटणारं आम्ल शेजारच्या पट्ट्यांनाही लागतं. हवाबंद डब्यात कोंडू नका. कागदी पाकिटात, वेगळ्या खोलीत ठेवा आणि स्कॅन आधी यांचंच करा. पुढे पट्टी आक्रसते, वळते आणि काचेवर सपाट बसत नाही.

कपाट हलवा. मे महिन्यात बाहेर हवा कोरडी असली तरी कूलर खोलीत दिवसभर ओलावा सोडत असतो, आणि तो थांबतो तोवर पावसाळा येतो. माळाही नको, स्लॅबची धग लागते. तळमजल्यावरची आतली खोली, बाहेरच्या भिंतीला न टेकलेलं कपाट, आत आर्द्रतामापक. काटा ३० ते ५० टक्क्यांत हवा. नारिंगी सिलिका जेल हिरवी झाली की तापवून पुन्हा वापरा.

दुसरा प्रतिसाद

नाव प्रसंगाचं नको, वर्षाचंही नको. एका रोलमध्ये बारसं आणि सहल दोन्ही सापडतात, आणि अंदाजाने टाकलेलं वर्ष पुढे चुकीचं निघतं. रोल क्रमांक आणि फिल्मच्या कडेला छापलेला फ्रेम क्रमांक पुरे: ०१७_२३. पुढची शून्यं गाळू नका, नाहीतर काही प्रोग्रॅम १० नंबर २ च्या आधी लावतात. फ्रेम कडेच्या १२ आणि १२ए या आकड्यांच्या मधोमध पडली असेल तर नेहमी डावीकडचा आकडा घ्या. वर्ष, माणसं, गाव एक्सेलमध्ये.

तोच रोल क्रमांक स्लीव्हवर (पट्ट्या ठेवायचं प्लास्टिकचं पाकीट). पट्टी आत घालण्याआधी लिहा, बॉलपेनचा दाब इमल्शनवर (फिल्मवरचा चित्राचा थर) उमटतो. स्लीव्ह पॉलिप्रॉपिलीनची घ्या. पीव्हीसी कालांतराने चिकटतं. सात कप्प्यांच्या पानात अख्खा रोल मावतो, ३७-३८ वी फ्रेमही.

चट्ट्यांचं कारण इन्फ्रारेड: डस्ट रिमूव्हल धूळ याच प्रकाशाने शोधतं. रंगीत फिल्मच्या रंगांतून तो आरपार जातो, कृष्णधवलमधली चांदी त्याला अडवते, म्हणून स्कॅनरला चेहराच धूळ वाटतो. कृष्णधवलसाठी डस्ट रिमूव्हल बंद ठेवा, ब्लोअरने धूळ उडवा. १६ बिट टिफ फाइलमध्ये कृष्णधवल फ्रेम साधारण २७ एमबी, रंगीत ८२. सगळं मिळून ७५ जीबीच्या आसपास. दोन डिस्क, एक दुसऱ्याच्या घरी.

मूळ प्रश्नकर्ता

०२२ च्या दोन पट्ट्यांवर जाळीसारखी बुरशी दिसतेय. ओल्या कापसाने पुसू का?

प्रतिसाद

पाणी अजिबात नको. बुरशीने खाल्लेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं, चित्र कापसावर येईल. आधी आहे तशी स्कॅन करा. मग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब मऊ कापडावर घेऊन चकचकीत बाजूने सुरुवात करा, मॅट (इमल्शनच्या) बाजूला न घासता.